जागा आणि ताट : सर्वांचा स्वीकार करायला शिकणाऱ्या नव्या विश्वासकांसाठी

नुकताच बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) झालेल्या, अथवा एखाद्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्याने सेवेला लागलेल्या माणसाला सर्वांत आधी ऐकायला मिळतो तो ‘सर्वांवर प्रीती करा’ हा उपदेश. उपदेश खराच आहे. पण सोमवारी सकाळी शेजारच्या दारावरून जाताना, कामाला येणाऱ्या बाईंना चहा देताना किंवा रविवारी मंडळीच्या दारात एखादा अनोळखी चेहरा दिसल्यावर नेमके काय करायचे, हे त्यातून कळत नाही. हा लेख त्या माणसासाठी लिहिला आहे. मन मोठे झाले की वागणे आपोआप सुधारेल, अशी वाट पाहत बसू नये, असे मला अनेक वर्षे मंडळीच्या दारात उभे राहून वाटत आले आहे. आपण कोणाला कोठे बसवतो आणि कोणाच्या पंगतीला बसतो, या दोन गोष्टी आधी हाती घ्याव्यात. मन त्यांच्या मागून येते.

आधी आपली नजर तपासावी

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडून पहिल्या चार ओव्या सावकाश वाचाव्यात. सभेत दोन माणसे येतात, एकाच्या बोटात सोन्याची अंगठी आहे आणि दुसऱ्याचे कपडे मळके आहेत; पहिल्याला मानाची जागा मिळते आणि दुसऱ्याला उभे राहायला किंवा पायाशी बसायला सांगितले जाते. याकोब या प्रसंगाला शिष्टाचारातली चूक म्हणत नाही, वाईट विचाराने केलेला न्यायनिवाडा म्हणतो. पहिल्या शतकातील हा प्रसंग आपल्या मंडळ्यांमध्ये आजही तसाच घडतो. अंगठीच्या जागी गाडी आली आहे, इतकेच.

यासाठी एक साधा सराव सुचवतो. महिनाभर दर रविवारी रात्री, आज आपण उपासनेनंतर कोणाशी बोललो आणि कोणाजवळून न बोलता पुढे गेलो, याची वहीत नोंद करावी. नोंद कोणाला दाखवायची नाही. महिन्याच्या शेवटी त्या पानांवर एक आखणी दिसू लागते : आपल्याच गावाकडची माणसे, आपल्यासारखीच नोकरी करणारी माणसे, आपल्याच आळीतली कुटुंबे. ही आखणी दिसली म्हणजे पुढच्या रविवारी कोणापाशी जायचे, हे वेगळे शोधावे लागत नाही.

आखणी पाहून कोणी खचून जाऊ नये. येशूचा शिष्य खुद्द पेत्र याचे उदाहरण समोर आहे. यापोमध्ये त्याला दृष्टान्त झाला, तो कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी गेला, देव पक्षपाती नाही हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले; आणि तरीही पुढे अंत्युखियात, यरुशलेमेकडची माणसे आल्यावर त्यांच्या भयाने तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासकांच्या, पंगतीतून उठला. प्रेषित पौलाने त्याला सर्वांसमोर अडवले, हे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पेत्राला सत्य ठाऊक होते, पण लोक काय म्हणतील या धाकाने त्याचे पाय मागे वळले. आपल्याकडेही बहुतेक वेळा अडचण ज्ञानाची नसते, त्या धाकाचीच असते, आणि म्हणून एकट्याने प्रयत्न करण्यापेक्षा मंडळीतील एखाद्या समविचारी माणसाला बरोबर घेऊन सुरुवात करणे अधिक टिकते.

दारात आणि बाकावर

उपासना सुरू होण्याच्या निदान पंधरा-वीस मिनिटे आधी पोहोचावे. नव्या माणसाला पाहून प्रथम ‘नमस्कार’ म्हणावे. ‘प्रेज द लॉर्ड’ किंवा ‘जय ख्रिस्त’ ही आपल्यातली अभिवादने आहेत, आणि प्रथमच आलेल्याला त्यांना काय उत्तर द्यावे हे कळत नसल्याने तो पहिल्याच क्षणी अवघडतो. गीतपुस्तक हातात देताना पहिले गीत उघडून द्यावे. केव्हा उभे राहायचे, केव्हा बसायचे, हे शेजारी बसून हलकेच सांगावे. दानाची थैली फिरेल तेव्हा त्यात काही घालणे बंधनकारक नाही, हे थैली येण्याच्या आधीच सांगून ठेवणे ही मोठी दया आहे, कारण खिशात पैसे नसलेल्या माणसाला त्या दोन मिनिटांची जी धास्ती वाटते ती इतरांना कळत नाही. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याचा, रविवार असेल तर आपल्या मंडळीचा नियम काय आहे तेही आधीच समजावून द्यावे. माणूस पुढे आल्यावर त्याला सर्वांदेखत परत पाठवणे कोणत्याही नियमाने आवश्यक ठरत नाही.

अनेक मंडळ्यांमध्ये नवागतांना उभे करून नाव-गाव विचारण्याची आणि टाळ्या वाजवण्याची पद्धत आहे. हेतू प्रेमाचा असतो, तरी घरच्यांना न सांगता आलेली स्त्री, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, कर्जात बुडालेला किंवा नुसता लाजरा माणूस यांना ती शिक्षा वाटते. आधी कानात विचारावे, नको म्हटले तर तो विषय तेथेच थांबवावा आणि सूत्रसंचालकाला तसे कळवावे.

जागेच्या बाबतीत मात्र मी थोडा आग्रही आहे. दाराजवळची आणि पंख्याखालची बाके म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले असलेल्या आया यांच्यासाठी मोकळी ठेवावीत, आणि नेहमीच्या सभासदांनी पुढे किंवा मध्ये सरकावे. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला भिंतीकडेला किंवा सर्वांच्या मागे ठेवू नये. एखाद्या रांगेतले बाक आखूड करून तेथे त्याच्या कुटुंबासह बसता येईल अशी जागा करावी. मंडळीच्या पायऱ्यांवर उतार बांधायचा असेल तर उंचीच्या बारापट लांबी धरावी, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट उतार. घाईने केलेला चढा उतार धोक्याचा असतो आणि त्यावरून खुर्ची ढकलणाऱ्याचाही तोल जातो. दिव्यांग व्यक्तीला मदत करण्याआधी विचारावे. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडत आला तेव्हा त्याला काय हवे असेल हे कोणालाही दिसत होते, तरी येशूने त्याला विचारले, की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. आपणही न विचारता कोणाचा दंड धरू नये, खुर्ची ढकलू नये, की त्याच्याशी बोलायचे ते सोबतच्या माणसाशी बोलू नये.

कुष्ठरोगातून बरे झालेले लोक, ज्यांच्या बोटांवर किंवा चेहऱ्यावर खुणा राहिल्या आहेत, आपल्या मंडळ्यांमध्ये येतात. बहुविध औषधोपचार सुरू झाल्यावर या रोगाचा संसर्ग लवकरच थांबतो आणि उपचार पूर्ण केलेल्याकडून तो होत नाही, हे प्रत्येक स्वागत करणाऱ्याला ठाऊक असावे, म्हणजे पुढे केलेला हात क्षणभरही आखडणार नाही.

काय विचारू नये

महाराष्ट्रात ‘आडनाव काय’ आणि ‘मूळ गाव कोणते’ हे प्रश्न वरवर साधे असले तरी पुष्कळदा त्यांच्याआडून जात विचारली जाते, आणि ज्याला ते विचारले जातात त्याला हे पक्के कळते. नाव विचारावे, तो स्वतःहून आडनाव सांगेल तर ऐकावे, त्यावरून ‘म्हणजे तुम्ही अमक्यांपैकी का’ असे पुढे जाऊ नये. ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र असा भेद नाही हे आपण गलतीकरांस पत्रातून पाठ म्हणतो, आणि त्याच मंडळीत सोयरीक जमवताना, वडीलजन निवडताना, क्वचित दफनभूमीतसुद्धा जुनी आखणी जागी होते. नव्या विश्वासकाने हे पाहून गोंधळून जाऊ नये, आणि त्यात सामीलही होऊ नये. एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी : १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, आणि पुढील दुरुस्त्यांनी शीख व बौद्ध, एवढ्यांनाच मिळतो; ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो नाही. त्यामुळे ‘तुमच्या कागदावर कोणता धर्म आहे’ या प्रश्नामागे एखाद्या कुटुंबाच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा सारा ताण दडलेला असू शकतो. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुण्यात शिकायला आलेल्या मिझो, नागा मुलामुलींना ‘तुम्ही कोणत्या देशाचे’ असे विचारले जाते, आणि ज्या राज्यांत बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत तेथून आलेल्या या मुलांना आपल्याच देशातल्या आपल्याच मंडळीत परके व्हावे लागते. त्याऐवजी त्यांचे नाव नीट उच्चारायला शिकावे, चुकले तर पुन्हा विचारावे. मूल का नाही, लग्न का झाले नाही, नवरा कोठे असतो, हे प्रश्नही टाळावेत. तृतीयपंथी व्यक्ती आली तर ती स्वतःचे जे नाव सांगते तेच वापरावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप्प कूश देशाच्या राणीच्या षंढ अधिकाऱ्याच्या रथात चढून शेजारी बसतो, तो वाचत असलेल्या शास्त्रलेखाचा अर्थ उलगडून सांगतो आणि त्याला बाप्तिस्मा देतो. मंडळ्यांची शिकवण काही बाबतींत वेगवेगळी असते, परंतु दारात आलेल्या माणसाला सन्मानाने बसवण्यासाठी कोणत्याही वादाचा निकाल लागण्याची गरज नाही.

पंगत : खरी परीक्षा

दारातले स्वागत तासाभराचे असते. माणूस आपला झाला की नाही हे ताटावर ठरते. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौल त्यांना किती कठोर शब्दांत बोलला ते पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात वाचावे. यरुशलेमेत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. तेव्हा प्रेषितांनी उपदेश करून प्रश्न मिटवला नाही, मंडळीला सात माणसे निवडायला सांगून वाटपाची व्यवस्था त्यांच्या हाती दिली. आपल्या मंडळीच्या प्रीतिभोजनात वाढपी कोण आहेत, पहिल्या पंगतीला कोण बसते, भांडी घासायला मागे कोण राहते, हे नव्या सेवकाने नुसते पाहावे, आणि मग स्वतः शेवटच्या पंगतीला बसून भांडी घासायला जावे.

त्यानंतर स्वतःच्या घरात यावे. स्वयंपाकघरात धुणेभांडी करणाऱ्या बाईंसाठी वेगळा कप किंवा वेगळी ताटली ठेवलेली आहे का, ते पाहावे. ख्रिस्ती घरांतसुद्धा ती असते आणि बहुधा कोणी मुद्दाम ठेवलेली नसते. आईच्या काळापासून ती तशीच चालत आलेली असते. असेल तर तो कप आजच सर्व कपांत मिसळून टाकावा आणि उद्या बाईंना चहा देताना आपणही त्याच संचातल्या कपात, त्यांच्याबरोबर बसून घ्यावा. बाई खुर्चीवर बसायला संकोचतील. आग्रह एकदाच करावा, कारण वर्षानुवर्षे जमिनीवर बसवलेल्या माणसाला खुर्चीवर बसण्याची सक्ती हाही एक हुकूमच होतो. दिवसामागून दिवस तीच खुर्ची रिकामी ठेवावी.

माणसाला त्याचा वेळ द्यावा, ही गोष्ट आपल्याकडच्या एका थोर घराने दाखवली आहे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई प्रथम काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांचे सोवळे काही काळ चालूच होते. टिळकांनी ते मोडण्याची सक्ती केली नाही. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. सोवळे पाळणाऱ्या पत्नीला ज्या घरात जागा होती, त्या घराच्या धन्याला बाप्तिस्मा न घेतलेला भक्त परका वाटला नाही, यात मला नवल वाटत नाही.

लग्नघरातली एक रीतही येथेच सांगतो. मराठी ख्रिस्ती लग्नांत हळद लागते, आणि विधवा मावशी किंवा आत्या अनेक घरांत तेव्हा आपणहून मागे उभ्या राहतात. घरातल्या तरुणाने किंवा नवरीने स्वतः जाऊन त्यांचा हात धरून आणावा आणि पहिली हळद त्यांना लावू द्यावी. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी कुजबुज होऊन त्या मावशीलाच ओशाळे व्हावे लागणार नाही.

मंडळीबाहेरचे शेजारी

आपल्यापैकी बहुतेकांचे शेजारी, सहकारी आणि पुष्कळदा सख्खे नातेवाईक हिंदू, मुसलमान, बौद्ध किंवा जैन असतात. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाचा धर्म विचारला गेला नाही, आणि मदत करणारा ज्या समाजातला होता त्याला ऐकणारे तुच्छ मानत होते. म्हणजे आपण केवळ देणारे नाही, ज्यांच्याकडून दया स्वीकारायची ते शेजारीही आपल्याला मिळालेले आहेत. शेजाऱ्याने ईदला शीरखुर्मा किंवा दिवाळीला फराळ आणला तर आनंदाने घ्यावा, रिकामा डबा परत देऊ नये.

नव्या विश्वासकाला सर्वांत जास्त अडचण येते ती प्रसादाची. याबाबत ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. पौलाने मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी लिहिताना स्वतःच्या विवेकाचा आणि दुसऱ्याच्या विवेकाचा, दोहोंचा विचार करायला सांगितले आहे. तुमच्या विवेकाला प्रसाद घेणे पटत नसेल तर तो घेऊ नये, मात्र नाकारण्याची रीत सांभाळावी : गणपतीच्या दिवसांत शेजाऱ्यांनी बोलावले तर घरी जावे, बसावे, मुलांची चौकशी करावी, आणि ताटली पुढे आली की हात जोडून ‘मी एवढे घेत नाही, पण तुमच्या घरचा चहा मात्र जरूर घेईन’ असे म्हणावे. तोंड फिरवणे, हात मागे घेणे किंवा तेथेच मूर्तिपूजेवर बोलू लागणे यात साक्ष नाही, केवळ अपमान आहे. आणि ज्याने प्रसाद घेतला त्या ख्रिस्ती भावाचा मंडळीत न्याय करू नये. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय जवळजवळ याच प्रश्नासाठी लिहिलेला आहे.

नाताळात शेजाऱ्यांना बोलावताना ते काय खातात हे आधी विचारावे. केकमध्ये अंडे किंवा रम असेल तर स्पष्ट सांगावे, करंज्या आणि चकल्या वेगळ्या कढईत तळाव्यात, आणि जैन शेजाऱ्याला बटाटा-कांदा नसलेला पदार्थ ठेवावा. एखाद्याने नुसते पाणी घेतले तरी त्याचा मान राखावा.

शेजारी मृत्यू झाला तर ‘त्यांच्या विधीत आपले काय काम’ असे म्हणून दूर राहू नये. ज्या घरात चूल पेटत नाही त्या घरी पिठलं-भात, भाकरी, लहान मुलांसाठी दूध नेऊन द्यावे, स्मशानापर्यंत जावे, दवाखान्याची राहिलेली कागदपत्रे आणून द्यावीत. अशा घरी प्रार्थना करावीशी वाटली तर विचारून करावी, आणि ते नको म्हणाले तर आपल्या घरी येऊन करावी.

मदतीला अट जोडू नये, हा नियम सर्वांत कडक पाळावा. शिधा देताना उपासनेला येण्याचे वचन घेणे, दवाखान्यात खाटेवर पडलेल्या माणसाला पत्रिका वाटणे, घेणाऱ्याचे छायाचित्र काढून मंडळीच्या गटात टाकणे, हे सर्व बंद ठेवावे; यामुळे गरिबाची लाज विकली जाते आणि समाजात आपल्याविषयी संशय वाढतो तो वेगळाच. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा त्या स्वतः ख्रिस्ती होत्या, तरी तेथील हिंदू विधवांना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. त्यांच्यावर पुढे टीका झाली, वाद झाले, पण दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी आणलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना केडगावच्या मुक्ती सदनात आधी अन्न आणि निवारा मिळाला. अंध मुलींसाठी तेथे ब्रेल शिकवण्याची सोय झाली, आणि समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभे राहिले. शेजाऱ्याने विचारले की तुम्ही हे का करता, तर येशूचे नाव संकोच न करता सांगावे. न विचारता सांगण्याची घाई करू नये.

जेथे थांबावे लागते

स्वीकार करणे म्हणजे सर्व काही सहन करणे नव्हे, आणि हे नव्यांना पहिल्याच महिन्यात सांगायला हवे असे मला कळकळीने वाटते. घरात मार खाणाऱ्या बहिणीला ‘क्षमा कर आणि परत जा’ असे सांगणे हे क्रौर्य आहे, ते कितीही गोड आवाजात सांगितले तरी. तिला सुरक्षित जागा, १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची माहिती द्यावी; क्षमा ही तिची आणि देवाची बाब आहे, तिचे वेळापत्रक आपण ठरवू नये. मुलांच्या बाबतीत तर कोणतीही सवलत नाही. शब्बाथ शाळेत (मंडळीच्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) किंवा शिबिरात कोणत्याही प्रौढाने एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहू नये, मग तो पाळक असो वा सर्वांचा लाडका दादा. मुलाने काही सांगितले तर त्यावर विश्वास ठेवावा, मंडळीची अब्रू म्हणून ते दाबू नये. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याने अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि १०९८ या क्रमांकावर चोवीस तास मदत मिळते. ज्याने अपराध केला त्याच्यासाठीही प्रार्थना करता येते आणि तुरुंगात त्याची भेटही घेता येते, परंतु त्याला मुलांमध्ये पुन्हा जागा देता येत नाही.

पैशांच्या बाबतीत, वारंवार उसने मागणाऱ्याला एकट्याने देत राहू नये; मंडळीच्या मदतनिधीकडे न्यावे, दुकानाचे किंवा औषधाचे बिल थेट भरावे, आणि नाही म्हणायचे असेल तर त्याच दिवशी, समोर बसून म्हणावे. ‘बघू’ म्हणून महिनाभर ताटकळत ठेवल्याने माणूस जास्त दुखावतो.

आणि हे सर्व करताना तुमच्या हातून कोणी दुखावले जाईलच : चुकीचा प्रश्न तोंडातून निघेल, एखाद्याला विसरून पंगत उठेल. तेव्हा व्हॉट्सॲपवर हात जोडल्याचे चित्र पाठवू नये. त्यांच्या घरी जावे, काय चुकले ते नाव घेऊन सांगावे, ‘माझा हेतू तसा नव्हता’ हे वाक्य गाळावे, आणि त्यांनी चहा विचारला तर बसावे, नाही विचारला तर पुढच्या रविवारी पुन्हा दारात उभे राहून त्यांना नमस्कार करावा.